मुलाचा ताप आणि कागदावरचा सल्ला

मुलाला ताप आल्यावर औषध नेमके कधी द्यायचे, या साध्या प्रश्नाला जगातल्या दोन मान्यवर संस्था दोन वेगळी उत्तरे देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या बालआजारांच्या तक्त्यात आकडा आहे: काखेतले तापमान ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१.३ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त असेल तर पॅरासिटामॉलचा डोस द्या. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शिका असा आकडाच देत नाही. मूल तापाने कासावीस झाले असेल तर औषधाचा विचार करा, पण निव्वळ थर्मामीटरवरचा आकडा खाली आणण्यासाठी औषध देऊ नका, असे ती बजावते. दोन्ही कागद नामांकित तज्ज्ञांनी एकत्र बसून लिहिलेले आहेत. तरी मूळ प्रश्नावरच त्यांचे एकमत नाही.

हा मतभेद पुस्तकी वाटेल. पण पुणे-नाशिक महामार्गावर मोशीला इंद्रायणी ओलांडून चाकणकडे निघालात की वाटेत कुरुळी लागते. तिथल्या एखाद्या खोलीत रात्री दीड वाजता तो पुस्तकी राहत नाही. खेड तालुक्यातले हे गाव आता चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात सामावले आहे. या पट्ट्यात शेतांच्या कडेने चाळी उभ्या राहिल्या. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली तरुण जोडपी तिथे एकेका खोलीत संसार करतात. नवरा तिसऱ्या पाळीला, आई-सासू शेकडो किलोमीटर लांब, आणि मांडीवर तापाने फणफणलेले दीड वर्षाचे मूल. फोनवर आजी सांगते, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेव. शेजारीण म्हणते, ताप डोक्यात जाईल, आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठ. सकाळी मेडिकलवाला एक बाटली देतो, दुपारी डॉक्टर दुसरी लिहून देतात. सगळ्यांचे बोलणे काळजीपोटीच असते. कोणाचे बोलणे कशाच्या आधारावर आहे, हे मात्र त्या आईला कोणी सांगत नाही.

हा आधार तपासण्यासाठीच वैद्यकीय मार्गदर्शिका असतात. एखाद्या आजाराबद्दल जगभर झालेले अभ्यास गोळा करायचे, त्यांतले भरवशाचे कोणते ते ठरवायचे आणि डॉक्टर, परिचारिका, आशाताई यांना वापरता येईल अशा थोड्या वाक्यांत निष्कर्ष मांडायचा, हे त्यांचे काम. पण ते काम जिथे तिथे सारख्याच काटेकोरपणे होत नाही. लहान मुलांच्या तापावर जगातल्या निरनिराळ्या देशांनी काढलेल्या मार्गदर्शिका एका संशोधक गटाने गोळा केल्या. पुराव्यावर आधारित वैद्यकाच्या चळवळीतले अग्रणी गॉर्डन गायट त्या गटात होते. १९९५ ते २०२० या काळातल्या ७४ मार्गदर्शिका त्यांनी वाक्यावाक्याने तपासल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. औषध किती तापाला, कोणते, किती द्यायचे. मुलाला पांघरूण घालायचे की कपडे काढायचे. पाणी किती पाजायचे. अंग पुसायचे की नाही. यांतल्या एकाही मुद्द्यावर सर्व ७४ मार्गदर्शिका सहमत नव्हत्या. बहुतेक शिफारशींमागचा पुरावा कमकुवत होता, किंवा तो कुठला हेच कळत नव्हते. आणि औषध सुरू करण्याचा आकडा, ज्यावर घराघरांत वाद होतात, त्याच्यामागचा पुरावा तर अगदीच तुटपुंजा निघाला. ताप हे मुलांना दवाखान्यात आणण्याचे सर्वांत नेहमीचे कारण. त्याबद्दल ही अवस्था असावी, हे मला अस्वस्थ करते.

मार्गदर्शिकेची प्रत मोजण्याची एक मान्य पद्धत आहे. ‘ॲग्री’ या नावाने ती ओळखली जाते. पहिली आवृत्ती २००३ ची, सुधारित २०१० ची. तिच्यात २३ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला १ ते ७ गुण. प्रश्न सहा गटांत विभागले आहेत. मार्गदर्शिका कोणत्या रुग्णांसाठी आहे हे स्पष्ट आहे का? ती लिहिताना ज्यांच्यासाठी लिहायची त्यांनाही विचारले का, म्हणजे इथे आईवडिलांना आणि परिचारिकांना? अभ्यास कसे शोधले, कसे निवडले, हे उघड सांगितले आहे का? भाषा नेमकी आहे का? ती प्रत्यक्षात वापरताना येणारे अडथळे आणि खर्च यांचा विचार झाला आहे का? आणि लिहिणाऱ्यांचे औषध कंपन्यांशी काही हितसंबंध असतील तर ते जाहीर केले आहेत का?

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. ही पद्धत कागद कसा तयार झाला हे मोजते. त्यातला सल्ला बरोबर आहे की नाही, हे ती थेट सांगत नाही. सचोटीने लिहिलेल्या मार्गदर्शिकेतही मुळात अभ्यासच थोडे असले तर उत्तर अर्धेच राहते. अशा वेळी प्रामाणिक मार्गदर्शिका ‘याला पुरावा कमी आहे’ असे त्या वाक्याशेजारीच लिहिते. ज्या कागदात प्रत्येक वाक्य सारख्याच ठामपणे लिहिलेले असते, त्याच्यावर माझा विश्वास कमी बसतो.

सहमती अजिबातच नाही असेही नाही. काही गोष्टी चांगल्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा पुढे आल्या आहेत, आणि नेमक्या त्याच आपल्या घरांत सर्वांत कमी पोचल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ताप हा स्वतः आजार नव्हे. जंतुसंसर्ग झाला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते, ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला तापमानाची पातळी वर सरकवायला लावते. मग शरीरच थरथरून, हातपायांचे रक्त आत ओढून त्या पातळीपर्यंत तापते. म्हणून ताप चढताना मुलाचे डोके भट्टीसारखे आणि तळवे गार असतात. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते आणि पातळी खाली येते. गार पाण्याच्या पट्ट्या मात्र पातळीला हात लावत नाहीत. त्या फक्त कातडी गार करतात, आणि शरीर उलट अधिक कुडकुडून ती उष्णता भरून काढते. पट्ट्यांवरच्या प्रयोगांचा कोक्रेन संस्थेने घेतलेला आढावा हेच सांगतो: औषधाबरोबर अंग पुसले तर पहिल्या तासाभरात आकडा थोडा लवकर उतरतो, पण मुले कुडकुडतात, अंगावर काटा येतो, त्यांना त्रास होतो. म्हणून ‘नाइस’ने कोमट पाण्याने अंग पुसण्याची शिफारसच केलेली नाही. आपल्याकडे मिठाच्या पाण्याच्या किंवा कोलन वॉटरच्या घड्या ठेवून रात्र जागवणाऱ्या आजीची माया खरी आहे. ती माया मुलाला चमच्याचमच्याने पाणी, पेज, अंगावरचे दूध पाजण्यात लागली तर मुलाला तिचा जास्त उपयोग होतो.

दुसरी गोष्ट ‘ताप डोक्यात जातो’ या भीतीची. अमेरिकेतल्या डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९८० मध्ये पालकांशी बोलून लिहिले की बहुतेकांना साध्या तापानेही मेंदूला इजा होईल असे वाटते. म्हणजे ही धास्ती काही आपल्याच गावची नाही. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदू स्वतःच पातळी ठरवत असल्यामुळे ताप ४१ अंशांपलीकडे क्वचितच जातो, आणि नुसत्या तापाने मेंदू खराब होत नाही. मेंदूला धोका असतो तो मेनिंजायटिस, मेंदूचा मलेरिया अशा मूळ आजारांचा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या काही मुलांना तापात आकडी येते. शंभरांत दोन ते पाच मुले असे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पाहणाऱ्याचे काळीज फाटते, पण बहुतेक आकड्या काही मिनिटांत थांबतात आणि मागे इजा ठेवत नाहीत. तापाचे औषध वेळेवर दिल्याने आकडी टळते हा समज मात्र अभ्यासात टिकला नाही. आकडी आली तर मूल कुशीवर वळवायचे, तोंडात चमचा, पाणी, कांदा काहीही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीने हलवायचे. पहिल्यांदाच आली असेल तर थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवायचे.

अमेरिकन बालरोग अकादमीने २०११ च्या अहवालात हेच दुसऱ्या बाजूने मांडले. तापाच्या मुलावरील उपचाराचा हेतू मुलाला आराम वाटावा हा असावा, तापमान साधारण पातळीवर आणणे हा नव्हे. औषध घेतल्यावर ताप उतरला म्हणजे आजार किरकोळ आणि उतरला नाही म्हणजे गंभीर, हाही कौल लावता येत नाही. गंभीर संसर्गातही पॅरासिटामॉलने ताप तात्पुरता उतरतो.

मग गंभीर मूल ओळखायचे कसे? चांगल्या मार्गदर्शिकेची खरी कसोटी या प्रश्नावर लागते. ‘नाइस’ने २००७ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सिग्नलच्या दिव्यांची पद्धत आणली, २०१३ आणि २०१९ मध्ये ती सुधारली. मुलाचा रंग, हालचाल, श्वास, अंगातले पाणी आणि इतर खुणा पाहून हिरवा, पिवळा, लाल अशी वर्गवारी करायची. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप असला की थेट लाल. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ३९ अंश असला तर पिवळा. त्यापुढच्या वयात नुसत्या तापाच्या आकड्यावरून काहीच ठरवू नये, असे ती स्पष्ट सांगते. आपल्याकडे नेमके उलटे घडते. तीन वर्षांच्या खेळत्या मुलाचा १०३ ताप पाहून घर हादरते, आणि वीस दिवसांचे बाळ जरा कोमट लागते, दूध कमी ओढते, म्हणून सकाळपर्यंत वाट पाहिली जाते.

ही पद्धत ऑस्ट्रेलियात तपासली गेली. सिडनीतल्या एका मोठ्या बालरुग्णालयात पाच वर्षांखालील मुलांच्या साडेपंधरा हजारांहून अधिक तापांच्या नोंदींवर ती लावून पाहिली. निष्कर्ष २०१३ मध्ये आला. जिवाणूंचा गंभीर संसर्ग असलेल्या मुलांपैकी सुमारे ८६ टक्के मुले लाल किंवा पिवळ्यात आली, म्हणजे शंभरांतली चौदा निसटली. आणि ज्यांना तसा संसर्ग नव्हता, त्यांतल्याही बहुतेकांना लाल-पिवळा शिक्का बसला. निसटलेल्यांत लघवीच्या मार्गाचा संसर्ग झालेली मुले पुष्कळ होती. तपासणीत लघवीची साधी चाचणी जोडली की पद्धत सुधारत होती. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. मार्गदर्शिका छापून झाली म्हणजे काम संपले असे न मानता ती खऱ्या मुलांवर किती खरी उतरते हे कोणीतरी मोजले, आणि त्यातून एक स्वस्त, साधा उपाय हाती आला.

पण सिडनीची किंवा लंडनची मार्गदर्शिका कुरुळीत जशीच्या तशी चालेल का? ‘नाइस’ डॉक्टरांना सांगते की तापाच्या मुलाच्या पालकांना परदेश प्रवासाबद्दल विचारा, कारण तिकडे मलेरिया आणि डेंग्यू बाहेरून येतात. चाकणच्या पट्ट्यात त्यासाठी कोणाला कुठे जावे लागत नाही. जिथे पाणी टँकरने येते, पिंपात साठवले जाते, बांधकामे अर्धवट उभी असतात आणि जुने टायर उघड्यावर पडतात, तिथे डेंग्यूचा एडिस डास घरातच वाढतो. डेंग्यूमुळे तापाच्या सल्ल्याचे दोन धागे बदलतात. एक म्हणजे आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारखी औषधे टाळावी लागतात, कारण ती रक्तस्राव वाढवू शकतात. दुसरे म्हणजे धोक्याची वेळ उलटी येते. ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान उतरू लागतो, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, आणि त्याच वेळी रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर झिरपून मूल खचू शकते. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, सुस्ती या खुणा ताप उतरल्यावर पाहायच्या असतात. ताप उतरला की काम झाले, असे शिकवणारा कागद इथे धोकादायक ठरतो.

आपल्यासारख्या देशांसाठी वेगळा कागद आहे आणि तो ब्रिटिश सिग्नलच्या आधीचा आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यावर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बालआजारांच्या एकत्रित व्यवस्थापनाचा तक्ता तयार केला. भारताने २००३ मध्ये त्यात पहिल्या आठवड्यातील नवजात बाळाचा समावेश केला आणि तो आयएमएनसीआय या नावाने आरोग्यसेविकांच्या हाती आला. गुलाबी म्हणजे ताबडतोब रुग्णालयात, पिवळा म्हणजे केंद्रावर उपचार, हिरवा म्हणजे घरी काळजी. त्यातल्या धोक्याच्या चार खुणा प्रत्येक आईला पाठ असाव्यात अशा आहेत: मूल काहीच पीत नाही किंवा अंगावर ओढत नाही, खाल्लेले-प्यालेले सगळे उलटून टाकते, झटके आले, किंवा गुंगीत आहे, जागे होत नाही. यांतली एकही दिसली तर ताप किती आहे याला महत्त्व नाही. मूल हलवायचे. या तक्त्यात मलेरियाला ठळक जागा होती. डेंग्यूचा रकाना मूळ जागतिक तक्त्यात नव्हता. इंडोनेशिया आणि फिलिपिन्सने तो आपल्या आवृत्तीत घातला. परका कागद आपलासा करणे म्हणतात ते हेच.

आकड्यामागे पुरावा कसा उभा करतात, हे श्वासांच्या मोजणीत पाहावे. ताप आणि खोकला असलेल्या मुलाला न्यूमोनिया आहे की साधी सर्दी, हे एक्स-रेशिवाय ओळखायचे कसे? पापुआ न्यू गिनी आणि आपले वेल्लोर इथे १९८०च्या दशकात मुलांचे श्वास मोजून पाहिले गेले, आणि त्यातून मर्यादा ठरल्या. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचे. घड्याळ असलेल्या कोणालाही जमते.

महाराष्ट्राने या विषयात जगाला जे दिले त्याचा उल्लेख अभिमानाने करावा लागेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातल्या स्त्रियांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली आले. पुढे ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी सुरू झाली. बाळाला जंतुदोष झाला आहे का, हे गावची आरोग्यदूत ठरावीक खुणा पाहून ओळखायची आणि उपचार करायची. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होता. हा निष्कर्ष १९९९ चा. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन बाळाचे वजन आणि तापमान पाहू लागल्या, त्याचे मूळ गडचिरोलीत आहे. ‘ॲग्री’च्या गुणपत्रिकेत जो गट वारंवार मागे पडतो, म्हणजे मार्गदर्शिका प्रत्यक्षात वापरता येईल का, त्याचे उत्तर आपल्या राज्यातल्या मातीच्या घरांत आधीच मिळालेले होते.

याच वाटेवरचे एक काम पुणे जिल्ह्यातलेच आहे. दोन महिन्यांखालच्या बाळाला गंभीर संसर्गाची शंका असेल तर त्याला दाखल करायचे, हा नियम. पण आईवडील रुग्णालयात जाऊच शकत नसतील तर? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अशा बाळांना जवळच्या केंद्रातून इंजेक्शन आणि तोंडी प्रतिजैविक कसे द्यायचे हे सांगणारी मार्गदर्शिका काढली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने जिल्ह्याच्या आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती चालते का, हे राबवून पाहिले आणि २०२० मध्ये अनुभव प्रसिद्ध केला. ही मार्गदर्शिका आणि आयएमएनसीआय यांतला एक फरक पाहा. २०१५ च्या मार्गदर्शिकेत बाळाच्या तापाची सीमा ३८ अंश आहे, आयएमएनसीआयमध्ये ३७.५. दोन्हींत ३५.५ च्या खाली गेलेले तापमानही तितकेच धोक्याचे आहे. नवजात बाळ गंभीर आजारात तापतेच असे नाही. ते गारही पडते. हे आपल्या लोकांना फार कमी माहीत आहे.

आता बाजाराकडे. कागद कितीही चांगला असला तरी मुलाच्या पोटात बाटलीतले औषध जाते. नायमेसुलाइड हे औषध एकेकाळी आपल्याकडे मुलांच्या तापावर सर्रास दिले जाई. यकृताला होणाऱ्या अपायाच्या शंकेने फिनलंड आणि स्पेनने २००२ मध्ये ते थांबवले. बारा वर्षांखालील मुलांसाठी त्याच्यावर बंदी घालणारी भारत सरकारची अधिसूचना निघाली फेब्रुवारी २०११ मध्ये. मधली नऊ वर्षे आपल्या मुलांनी ते औषध घेतले. ‘नाइस’ सांगते की पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकाच वेळी देऊ नका; आपल्याकडे दोन्ही एकाच बाटलीत मिसळलेली मिळतात. मेफेनॅमिक ॲसिडच्या एका गंभीर ॲलर्जीबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सावध केले. चार वर्षांखालील मुलांना क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनचे सर्दीचे मिश्रण देऊ नये, असा आदेशही त्याच वर्षअखेरीस आला. हे आदेश वितरकापर्यंत पोचतात. खोलीतल्या फळीवर गेल्या पावसाळ्यापासून ठेवलेल्या अर्ध्या बाटलीपर्यंत ते पोचत नाहीत.

त्या बाटलीवरच्या आकड्यांकडे तरी नीट पाहायला हवे. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर. दहा किलोच्या मुलाला कमाल १५० मिलिग्रॅम धरले, तर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे सुमारे सहा मिली लागतात, ५ मिलीत २५० असलेल्या सिरपचे तीन मिली, आणि एका मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे फक्त दीड मिली. थेंबांची बाटली संपली म्हणून सिरप आणले आणि ‘एक टोपण’ हे माप तेच ठेवले, किंवा सिरपच्या जागी थेंब आले आणि टोपण तेच राहिले, तर डोस कित्येक पटींनी चुकतो. जास्त पॅरासिटामॉल यकृत निकामी करू शकते. गावोगाव दुकानात तोंडी मागून औषध मिळणाऱ्या देशात तापाच्या मार्गदर्शिकेचे पहिले पान या हिशेबाचे असायला हवे, असे माझे ठाम मत आहे. तीन महिन्यांखालच्या बाळाला तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय थेंबभरही औषध नको. ताप झाकला जातो आणि वेळ जातो.

मार्गदर्शिकेला वयही असते. न्यूमोकोकल लस भारतात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली. लस घेतलेल्या मुलाचा ताप आणि न घेतलेल्याचा ताप यांतला धोका सारखा नाही. म्हणून जुन्या तारखेचा कागद पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये, आणि तारीखच नसलेला तर बाजूला ठेवावा.

भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना १९६३ पासून काम करते आणि २०२२ मध्ये तिने नेहमीच्या आजारांसाठी प्रमाणित उपचारपद्धतींची मालिका काढली. हे काम डॉक्टरांसाठी आहे. कुरुळी, निघोजे, चिंबळी, मोई या गावांतल्या आईसाठी हवा एकाच पानाचा कागद, मराठीत आणि हिंदीत, अंगणवाडीच्या, मेडिकलच्या आणि कारखान्याच्या गेटवरच्या भिंतीवर लावलेला. त्यावर धोक्याच्या खुणा चित्रांनी, दोन महिन्यांखालच्या बाळासाठी वेगळी चौकट, वजनानुसार मिलीचा तक्ता बाटलीच्या तीव्रतेसह, डेंग्यूची सूचना, आणि खाली तारीख व लिहिणाऱ्यांची नावे. तो लिहिताना आशाताई आणि दोन-चार आयांना समोर बसवावे. रात्री चाकणच्या वाहतुकीतून ग्रामीण रुग्णालयापर्यंत किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयापर्यंत जायला काय लागते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, ग्रामपंचायती आणि या पट्ट्यातल्या कंपन्या मिळून हे सहज करू शकतात. त्यासाठी नवे संशोधन लागत नाही.

तोवर एक गोष्ट प्रत्येकाच्या हातात आहे. तापाच्या मुलाला दवाखान्यात नेलेत तर उठण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: ताप कशाचा वाटतो, घरी कोणती खूण दिसली तर परत यायचे, आणि काहीच दिसले नाही तरी पुन्हा कधी दाखवायचे. उत्तरे चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या. मुलाचे आजचे वजन आणि औषधाचे मिलीही तिथेच लिहा. आणि तीन महिन्यांच्या आतले बाळ तापले असेल, किंवा गार पडून दूध सोडले असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.